चंद्राचं वकीलपत्र

गोदाकाकूंनी हिंगोलीहून तांब्याचा बंब आणायला सांगितला होता. बंब वसमतलाही मिळायचे, पण हिंगोलीच्या तांबटाच्या बंबात पाणी लवकर तापतं असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, आणि वकीलकाकांचं कोर्टाचं काम तिकडं निघालंच होतं. काका परत आले ते काखेत एक लांब पितळी नळी घेऊन. काकूंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हे धुराडं झालं. बाकीचा बंब मागून येऊन राहिला का?"

बंब काही मागून आला नाही. ती नळी म्हणजे दुर्बीण होती. हिंगोलीची छावणी उठून जमाना झाला होता, पण गोरे लोक जाताना जे टाकून गेले ते तिथल्या भंगारवाल्यांकडं अजून फिरत असायचं. खोगिरं, मोडक्या खुर्च्या, काचेच्या हंड्या, आणि त्यातच कुणा डॉक्टरसाहेबाची ही आकाश बघायची दुर्बीण. काका दुकानात बंब विचारायला शिरले आणि नळीला डोळा लावून तिथंच बसले. पुढं कितीतरी वर्षं काकू चुलीवर पाणी तापवत राहिल्या, आणि हंडा उतरवताना एकदा तरी म्हणायच्याच, "आमचा बंब बसलाय आभाळाकडं तोंड करून."

मी त्यांच्या शेजारची. जवळा बाजारहून लग्न होऊन वसमतला आले तेव्हा मला साडी नीट आवरत नव्हती, आणि सासूबाई अशा की मीठ जास्त पडलं तर आठवडाभर ऐकवायच्या. आमच्या आणि वकिलांच्या अंगणात कमरेएवढी मातीची भिंत. त्या भिंतीवरून विरजण जायचं, विस्तव यायचा, भांडणंही व्हायची. मी जे काही हसले त्या वर्षांत, ते त्या भिंतीपलीकडे बघूनच हसले, हे मी आता कुणालाही सांगेन. सासूबाई नाहीत ऐकायला.

नरहरराव वकील म्हणजे उंच, काटकुळे, काळी टोपी आणि वरचं बटण कायम तुटलेली शेरवानी. कोर्टाचा कारभार तेव्हा सगळा उर्दूतून. त्यामुळं काका घरी मराठी बोलायचे, पण निम्मी भाषा कचेरीतून उचलून आणलेली. साधी आमटी आळणी झाली तरी "आमची तक्रार दर्ज करा" म्हणायचे. दुर्बीण आल्यापासून त्यांना एक डोळा मिटायची खोडच लागली. रस्त्यानं चालताना, भाजी घेताना, एवढंच काय, कोर्टात उभे असतानाही डावा डोळा बंद. एकदा मुन्सफसाहेबांना वाटलं, वकील आपल्याला डोळा मारून राहिले. त्यांनी भर कोर्टात जाब विचारला, आणि काकांनी त्यांनाच संध्याकाळी अंगणात चांद बघायचं आमंत्रण देऊन टाकलं. मुन्सफसाहेब आले, बघून गेले, आणि नंतर त्यांच्या बेगमही पडद्याच्या गाडीतून येऊन बघून गेल्या.

खळ्यावर धान्य उपणताना माणूस ज्यावर उभा राहतो ती तीन पायांची उंच तिवई काकांनी कुठूनशी आणली होती. तिच्यावर दुर्बीण बांधलेली. दिवेलागणीला काका बाहेर यायचे, घसा साफ करायचे आणि कोर्टातल्या चपराशासारखी हाळी द्यायचे, "चांद वल्द समिंदर, मुक्काम आसमान, हाजिर हो!" वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. चंद्र समुद्रातून निघाला, म्हणून समिंदरचा. अमावास्येला तिवई रिकामी. "आमचा मुवक्किल आज गैरहाजर," म्हणायचे. मुवक्किल म्हणजे अशील. चंद्राचं वकीलपत्र आपण घेतलंय, असं ते ज्याला त्याला सांगायचे. गावानं त्यांचं नाव चांदवकील पाडलं ते काही उगीच नाही.

अंगणात गर्दी व्हायची. हळदीच्या हंगामात तर विचारू नका. वसमतभर हळद शिजत असायची, बाया दिवसभर ओली हळद निवडायच्या आणि घरी जाता जाता इथं थांबायच्या. त्यांच्या बोटांनी नळी पिवळी, काचसुद्धा पिवळी. मागची बाई डोळा लावून म्हणायची, अगं बाई, याचं लगीन ठरलं वाटतं, हळद लागून राहिली. काकांचा जीव वरखाली व्हायचा, पण हाकलत नसत कुणाला. रेटारेटी फार झाली की ओरडायचे, "तारीख घ्या, तारीख घ्या! आज तुमची पेशी नाही!" पेशी म्हणजे कोर्टातली सुनावणी. आणि ज्याला तारीख मिळाली तो दुसऱ्या दिवशी खरोखर यायचा, कोर्टात जावं तसा टोपी घालून.

गणेश चतुर्थीला सगळी वसमत मान खाली घालून चालायची. त्या दिवशी चंद्र दिसला की चोरीचा आळ येतो, हे लेकरालाही ठाऊक. काका मात्र त्या दिवशी मुद्दाम तिवईपाशी बसायचे. त्यांचं म्हणणं असं की बाप्पा उंदरावरून पडले, हा हसला, आणि लगेच शाप. नोटीस नाही, जबाब नाही, साक्षीदार नाही, एकतर्फी निकाल! असला निकाल मी मानत नाही. सासूबाई भिंतीपलीकडून कानांवर हात ठेवायच्या.

एका वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खलबत्त्याचा दस्ता गायब. सासूबाईंनी भिंतीवर वाकून सरळ विचारलं, "वकीलसाहेब, आमचा दस्ता तुमच्याकडं हाय का?" आळ आला म्हणून काका इतके खूश झाले की बस. अर्धा तास त्यांनी सासूबाईंचीच उलटतपासणी घेतली. दस्ता शेवटचा कुणी पाहिला, किती उजेड होता, दस्त्याला ओळखीची खूण काय. सासूबाई रडकुंडीला आल्या. संध्याकाळी मी बघते तर दस्ता तिवईच्या पायापाशी पडलेला. खिळा ठोकायला काकांनीच उचलला होता! मी दाखवला, तर तोंडावर बोट ठेवून मला म्हणाले, "सुमन, एक ध्यानात ठेव. कबुली दिली की खटला मेला." हे त्यांचं ब्रीदच होतं. कोर्टात पक्षकाराला तेच शिकवायचे आणि घरी स्वतः तेच पाळायचे. दूध उतू गेलं, चावी हरवली, धोतराला शाई लागली, काहीही होवो, 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

मागच्या गल्लीत कासीमभाई पिंजारी राहायचे. गाद्या पिंजून पिंजून त्यांच्या भुवयांतसुद्धा कापूस अडकलेला असायचा. पहिल्यांदा नळीतून बघून ते म्हणाले, "वकीलसाब, चांद तो उलटा लटका है." ते खरंच होतं. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, वरचं खाली आणि खालचं वर. काका म्हणाले, तो बराबर आहे, आपणच उलटे असू. कासीमभाईंना हे इतकं पटलं की ते गावभर सांगत फिरले.

एकदा रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी पश्चिमेला ढगांचे पुंजके. उद्या ईद की परवा, सगळे माना वर करून उभे. काकांनी नळी फिरवून ढगांच्या फटीतून चांद धरला. पण मशिदीतले बुजुर्ग म्हणाले, काचेतून बघितलेला चालणार नाही. काका वाद घालायला कमरेला हात लावून उभे राहिले, तेवढ्यात कासीमभाईंनीच तोडगा काढला. नळीनं जागा कळली ना, आता तिथंच डोळ्यानं बघू. आणि सगळ्यांना दिसला की! दुसऱ्या दिवशी वकिलांच्या घरी शीरखुर्म्याची दोन भांडी आली. एक घरचं, आणि एक, कासीमभाई म्हणाले, नळीचा हिस्सा.

सगळ्या गावानं चंद्र बघितला. बघितला नाही तो एकट्या गोदाकाकूंनी.

सुरुवातीला बंबाचा राग होता. तो काही खरा राग नव्हे. बघत नव्हत्या, पण दर शनिवारी चिंच आणि राख घेऊन नळी घासायच्या. घरात मळकं पितळ त्यांना चालायचंच नाही. तिचा कुठला भाग सरकतो, कुठला आटा ढिला आहे, हे काकांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. एक दिवस बघितलंही असतं त्यांनी. पण काकांच्या जिभेनं घात केला.

काकूंना भाऊ नव्हता. आपल्याकडं जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. काकू दर वर्षी बीजेच्या संध्याकाळी ताट घेऊन अंगणात यायच्या, पश्चिमेला ती बारीक कोर शोधायच्या, आणि मनापासून ओवाळायच्या. त्या नात्यानं चंद्र काकांचा मेहुणा लागायचा, आणि काका त्याची थट्टा करायची संधी सोडत नसत. एका अष्टमीला अंगण भरलेलं होतं. अर्ध्या चंद्रावरचे खड्डे त्या दिवशी फार ठसठशीत दिसतात. कुणीतरी विचारलं, हे काय हो? काका उंबऱ्यावर बसलेल्या काकूंकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "तुझ्या भावाला देवी येऊन गेल्यात की! सगळं तोंड व्रणांनी भरलंय."

अंगण हसलं. काकू उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडं वाती वळायला बसले होते. त्यांनी आपणहून सांगितलं. माहेर त्यांचं नरसीजवळचं. धाकटा भाऊ होता, नामा नावाचा, त्यांच्या कडेवर वाढलेला. देवीच्या रोगात गेला. घरच्यांनी त्यांना जवळ जाऊ दिलं नव्हतं, पण त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. त्यानंतर नामा म्हटलं की तेच फोडांनी भरलेलं तोंड डोळ्यापुढं यायचं. "चांदाला ओवाळायला लागले तेव्हा कुठं त्याचं साफ तोंड परत आलं, सुमन," त्या म्हणाल्या. "ते मी त्या नळीत नेऊन नासवू का?"

काकांना भाऊ गेल्याचं माहीत होतं, कशानं गेला ते माहीत नव्हतं. थट्टा झाली त्याच रात्री काकूंनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, दोन वाक्यांत. काकांनी काय उत्तर दिलं? काहीच नाही. चुकलं म्हणायची सवय नाही ना. चार दिवस तिवई बाहेर काढली नाही, एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास. जगानं बघो न बघो, हिनं एकदा बघावं. अंगणात शंभर माणसं असली तरी त्यांचं लक्ष उंबऱ्याकडं. आणि काकू वाती वळत बसलेल्या, मान खाली.

अशीच वर्षं गेली. मग एका भाऊबीजेला मी त्यांच्या अंगणात होते. मी दरवर्षीच जायचे, वारा असला की निरांजनाला आडोसा धरायला. काकू ताट घेऊन आल्या, पश्चिमेला तोंड केलं आणि ओवाळायला लागल्या. मी वर बघितलं तर कोर डावीकडं, लिंबाच्या शेंड्यापाशी. आणि काकू ओवाळत होत्या पार उजवीकडं, त्या वर्षीच सुरू झालेल्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकावरच्या गॅसबत्तीला!

माझं तोंड उघडलंच होतं. पण काकांनी मागून हात केला, बोलू नको म्हणून. काकू सुईत दोरा एका दमात ओवायच्या, त्यामुळं लांबचं दिसेनासं झालंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, बहुधा त्यांच्यासुद्धा. त्यांनी त्या गॅसबत्तीला अक्षता टाकल्या, हात जोडले, आणि प्रसन्न चेहऱ्यानं आत गेल्या. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. काका तिवईला धरून उभे होते.

ते सगळं वर्ष काका विचारात. सांगावं तर ही म्हणणार, माझा भाऊ ओवाळायचा राहिला आणि मी दिव्याला ओवाळलं. न सांगावं तर जन्मभर गॅसबत्तीलाच ओवाळणार. नळीतून दिसेल तिला, काका मला म्हणायचे, नळी जशी सरकवावी तशी ज्याच्या त्याच्या डोळ्याला जुळते. पण नळीचं नाव काढायला तोंड कुठं होतं त्यांना? एवढा बोलका माणूस, दुसऱ्यांचे खटले दोन वाक्यांत सोडवणारा, आणि स्वतःचा खटला त्याला मांडता येईना.

पुढच्या भाऊबीजेला ते दुपारीच जिनिंगच्या मॅनेजरकडं जाऊन आले. काय युक्तिवाद केला देव जाणे, पण त्या संध्याकाळी फाटकावरची बत्ती लागली नाही. काकू ताट घेऊन बाहेर आल्या. आभाळ स्वच्छ, कोर लख्ख. काकू बघत राहिल्या, इकडं मान, तिकडं मान.

"उगवला नाही का गं अजून?" त्यांनी मला विचारलं.

मी काकांकडं बघितलं. बीजेचा चंद्र थांबत नाही. सूर्यामागोमाग तोही बुडतो. निरांजनातलं तूप कमी होत होतं.

"ढग आहेत का हो?" काकूंनी त्यांना विचारलं.

"नाहीत," काका म्हणाले. "तो आहे. तुला दिसत नाही."

काकूंनी ताट खाली घेतलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मग मागच्या वर्षी?"

काकांनी टोपी काढली. शेरवानी, टोपी घालूनच ते तिवईपाशी उभे राहायचे, त्यामुळं बोडक्या डोक्यानं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते काकूंसमोर येऊन उभे राहिले, कोर्टात उभं राहावं तसे ताठ, आणि म्हणाले, "मागच्या वर्षी मी गप्प बसलो. आणि त्याच्या आधी नको ते बोललो. दोन्ही माझ्याकडून झालं. मला कबूल आहे."

मला वाटलं, भिंत कोसळेल. काकू त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग माझ्या हातात ताट दिलं, पदर खोचला आणि तिवईपाशी गेल्या. काकांनी नळी आधीच लावून ठेवली होती. काकूंनी डोळा लावला, आणि लगेच म्हणाल्या, सगळं धुरकट आहे. काका पुढं सरले, पण त्यांनी हात झटकला. इतकी वर्षं घासलेली नळी. तो सरकणारा भाग त्यांनी स्वतःच धरला आणि हळूहळू आत सरकवला.

आणि थांबल्या.

"उलटा का दिसतो?" त्यांनी विचारलं. कोरीची पाठ वर, दोन्ही टोकं खाली. काका काहीतरी काचेचं सांगणार होते, पण मीच बोलून गेले, "काकू, धाकटा आहे ना? वाकून पाया पडतो तुमच्या."

काकू हसल्या. डोळा काढला नाही. नळी आणखी जराशी सरकवून म्हणाल्या, "व्रण आहेत की हो."

काकांनी मान खाली घातली.

"असू देत," काकू म्हणाल्या. "वाचला असता तर असेच राहिले असते."

मग त्यांनी ताट घेतलं आणि ओवाळलं. दिशा मी हातानं दाखवली. आसवं गळत होती आणि तोंड हसत होतं, दोघांचंही, आणि माझंही. मग काकूंनी रिकामं ताट काकांपुढं धरलं, भाऊ काही घालत नाही, मेहुण्याच्या वतीनं तुम्ही ओवाळणी घाला म्हणून. काकांनी विचारलं, काय हवं? काकू म्हणाल्या, "बंब."

बंब आला, हिंगोलीहूनच. नंतर नांदेडहून चष्माही आला, पण काकू म्हणायच्या, चष्म्यात नामा लांब राहतो. त्यांना नळीचीच गोडी लागली. आणि अशी लागली की काकांची पंचाईत झाली.

पोलीस ॲक्शननंतर आमच्या यांची परभणीला बदली झाली. सामान बैलगाडीत भरून आम्ही स्टेशनाकडं निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडीत मी उंच बसलेली, त्यामुळं रस्त्याकडच्या भिंतीवरून त्यांचं अंगण सगळं दिसलं. काकू पदर खोचून नळीला डोळा लावून उभ्या. मागं वकीलकाका, टोपी हातात, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"आता माझी पेशी केव्हा?" काकांनी विचारलं.

काकूंनी मान वळवली नाही. नुसता हात मागं केला आणि म्हणाल्या, "तारीख घ्या."